आधी उजेड, मग कॅमेरा

०६०३ साइजचा रेझिस्टर कधी हातात घेतलाय? खरं तर तो हातात घेता येतच नाही, चिमट्यातच धरावा लागतो. लांबी १.६ मिमी, रुंदी ०.८ मिमी, म्हणजे साधारण मोहरीच्या दाण्याएवढा. चिमटा जरा जास्त दाबला गेला की टुणकन उडून टेबलाखाली! त्याचा धाकटा भाऊ ०४०२, तो १ मिमी बाय अर्धा मिमी. तो उडाला तर शोधायच्या भानगडीत पडू नये, सरळ दुसरा घ्यावा.

यंदा फर्स्ट इयरच्या वर्कशॉपसाठी साठ बोर्ड आपणच तयार करून द्यायचे असं ठरलं आहे. एका बोर्डावर ४६ पार्ट, म्हणजे एकूण २७६०. एका पार्टला अर्धं मिनिट धरलं तरी सरळ २३ तास होतात. त्यात चहा नाही, उडालेले पार्ट शोधणं नाही आणि उलटे बसलेले डायोड काढणं तर नाहीच. म्हणून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात गेल्या दोन बॅचनी मिळून उभं केलेलं पिक अँड प्लेस मशीन आता खरोखर कामाला लावायचं आहे. त्यासाठी डिपार्टमेंटने थोडे पैसे मंजूर केले आहेत, आणि ते कशावर खर्च करायचे यावरून सध्या हॉस्टेलच्या जिन्यात रोज रात्री वादविवाद स्पर्धा चालू आहे. एका गटाचं म्हणणं, महागडा इंडस्ट्रियल कॅमेरा घ्या. मी दुसऱ्या गटातला. माझं म्हणणं असं की पैसे उजेडावर आणि कॅमेरा घट्ट धरणाऱ्या ब्रॅकेटवर घाला, कॅमेरा साधाच चालेल. जिन्यात बोलताना निम्मं वाक्य ओरडण्यात जातं, म्हणून सगळं इथे सविस्तर लिहितो. सरांनीही वाचावं ही विनंती.

ज्यांनी हे मशीन लांबूनच पाहिलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. बोर्डाच्या पॅडवर आधी सोल्डर पेस्ट लावलेली असते. मशीनच्या डोक्याला इंजेक्शनच्या सुईसारखा नोझल असतो. व्हॅक्युमने तो टेपमधला पार्ट ओढून उचलतो, बोर्डावर नेतो, हवी तशी दिशा फिरवतो आणि पेस्टवर टेकवतो. मग बोर्ड ओव्हनमध्ये. कारखान्यातली अशी यंत्रं लाखांत जातात. पण जेसन व्हॉन नीडा यांनी सुरू केलेलं ओपनपीएनपी हे सॉफ्टवेअर फुकट आणि खुलं आहे, आणि स्टीफन हॉज यांच्या ल्युमेनपीएनपी या यंत्राचे सगळे ड्रॉइंग्जसुद्धा खुले आहेत. त्यामुळे जगभर लोक गॅरेजमध्ये, खोलीत, स्वयंपाकघराच्या ओट्यावरसुद्धा अशी यंत्रं बनवतात. आपलंही त्याच कुळातलं.

आता या यंत्राला डोळे किती? दोन, पण माणसासारखे शेजारी शेजारी नाहीत. एक डोक्यावर बसवलेला, खाली बघणारा. तो बोर्डावरच्या खुणा शोधतो. बोर्डाच्या कोपऱ्यांत १ मिमी व्यासाचे तांब्याचे गोल ठिपके असतात ना, ज्यांना कुठलाही पार्ट जोडलेला नसतो, ते फिड्युशियल. ते सापडले की बोर्ड टेबलावर किती सरकलाय, किती तिरका आहे ते कळतं. दुसरा कॅमेरा टेबलात बसवलेला, वर बघणारा. नोझलने पार्ट उचलला की तो आधी याच्यासमोर नेऊन दाखवायचा. पार्ट मधोमध उचलला गेलाय का, तिरका लटकतोय का, की वाटेतच पडला, हे हा बघतो. टेपच्या खळग्यात पार्ट थोडा सैलच असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी तो वेगळ्या जागी चिकटतो. खालचा डोळा नसेल तर यंत्र अंदाजपंचे काम करतं.

अंदाजपंचे केल्याने काय होतं? ०६०३ पार्ट थोडा बाजूला टेकला तर वितळलेलं सोल्डर आपल्या पृष्ठताणाने त्याला ओढून सरळ करतं, तेवढी दया निसर्गाने ठेवली आहे. पण तो बराच सरकलेला असेल तर एकाच टोकाला सोल्डर धरतं आणि पार्ट ताठ उभा राहतो. इंग्रजीत याला टूमस्टोन म्हणतात, म्हणजे थडग्याचा दगड. आणि आपल्या बोर्डावर एक ०.५ मिमी पिचचा आयसी आहे. तो पाव मिलिमीटर सरकला की त्याचा प्रत्येक पाय दोन पॅडच्या बरोब्बर मध्ये! असा बोर्ड फर्स्ट इयरच्या पोराच्या हातात पडला की त्याला वाटणार आपलंच काहीतरी चुकलं. कॉलेजच्या दुसऱ्याच आठवड्यात कुणावर ही वेळ येऊ नये.

आता येतो तो प्रश्न, जो मशीन बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो. "कॅमेरा किती मेगापिक्सेलचा?"

उत्तर देण्याआधी थोडं गणित करू, नववीतलंच आहे. अशा यंत्रांमध्ये खूप वापरल्या गेलेल्या ७२० ओळींच्या यूएसबी कॅमेऱ्यांमध्ये ओव्ही ९७१२ नावाचा सेन्सर असतो. त्याचा एक पिक्सेल ३ मायक्रॉनचा. १२८० पिक्सेल म्हणजे ३.८४ मिमी रुंदीची प्रतिमा. आपल्याला टेबलावरचा ३२ मिमी रुंद भाग दिसायला हवा असं समजा. ३.८४ ला ३२ ने भागा, ०.१२ पट मॅग्निफिकेशन आलं. ८ मिमी फोकल लेंथची लेन्स लावली तर वस्तूपासूनचं अंतर येतं ८ गुणिले (१ + १/०.१२), म्हणजे साधारण ७५ मिमी. आणि टेबलावरचा प्रत्येक ०.०२५ मिमी तुकडा एका पिक्सेलवर पडतो. ०४०२ चा पार्ट ४० बाय २० पिक्सेलचा दिसेल आणि ०.५ मिमी पिचच्या आयसीच्या एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत २० पिक्सेल मिळतील. एखादी कड शोधताना सॉफ्टवेअर शेकडो पिक्सेलमधून एक रेषा बसवतं, त्यामुळे मोजमाप एका पिक्सेलहूनही बारीक मिळू शकतं. मोटारी आणि पट्ट्यांची स्वतःची ढिलाई याहून जास्त आहे. मग आणखी मेगापिक्सेल घेऊन करणार काय?

एक खरी अडचण मात्र आहे, तीही सांगतो. ३२ मिमी रुंद चित्राची उंची होते १८ मिमी. आपला शंभर पायांचा आयसी पायांसकट १६ मिमीचा. सरळ असेल तर जेमतेम मावतो, पण थोडा बाजूला किंवा तिरका उचलला गेला की कोपरे बाहेर! ४५ अंशांत फिरवला तर कर्ण साडेबावीस मिमीच्या वर जातो. म्हणून वर बघणारा कॅमेरा थोडा लांब ठेवावा, २४ मिमी उंची दिसेल असा. तिथे एका पिक्सेलला ०.०३३ मिमी पडतात. चालतं. दोन्ही कॅमेऱ्यांना एकच लेन्स, एकच अंतर असा हट्ट नको.

मोठ्या कॅमेऱ्याचा आणखी एक ताप म्हणजे वायर. ७२० चा कॅमेरा न दाबलेलं चित्र सेकंदाला ३० वेळा पाठवतो तेव्हा १२८० गुणिले ७२० गुणिले १६ बिट गुणिले ३०, म्हणजे ४४ कोटी बिट सेकंदाला वाहतात. यूएसबी २ ची कागदावरची मर्यादा ४८ कोटी. म्हणजे एकच कॅमेरा जवळजवळ सगळा रस्ता अडवतो. दुसरा कॅमेरा त्याच हबवर लावला की एक चालू, एक काळा. मग चित्र जेपेग पद्धतीने दाबून पाठवा, नाहीतर सेकंदाला १० चित्रांवर समाधान माना, नाहीतर दोघांना वेगळे कंट्रोलर द्या. फोर-के कॅमेऱ्यात याच्या बरोबर नऊपट पिक्सेल असतात. ते सगळे त्या प्रयोगशाळेतल्या जुन्या पीसीने दर पार्टला तपासायचे! त्याला आधीच व्हिडिओ लावला की दम लागतो.

कॅमेऱ्याच्या बाबतीत मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाच्या गोष्टी दोन. लेन्स बदलता आली पाहिजे, म्हणजे एम १२ आट्यांची हवी. आणि एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस हे तिन्ही हाताने पक्के करता आले पाहिजेत. मोबाईलसारखा आपोआप फोकस करणारा वेबकॅम फुकट मिळाला तरी घेऊ नका. फोकस बदलला की चित्राचा स्केलही किंचित बदलतो. लेन्स एकदा जागेवर आली की आट्यांवर नेलपॉलिशचा ठिपका. (नेलपॉलिश आणायला लेडीज हॉस्टेलवर शिष्टमंडळ पाठवायची गरज नाही, बाजारात दहा-वीस रुपयांना मिळतं.)

आता कॅमेरा बसवायचा कसा? तो अगदी ओळंब्यात हवा. २ अंश तिरका असेल आणि टेपमधला पार्ट बोर्डापेक्षा ५ मिमी खाली असेल, तर ५ गुणिले टॅन २ म्हणजे ०.१७ मिमीची चूक फुकटात मिळाली. ती मोटारीची नाही, सॉफ्टवेअरची नाही, ब्रॅकेटच्या एका सैल स्क्रूची. ओळंबा तपासायची एक झकास युक्ती आहे. बोर्ड ठेवतो तिथे सपाट आरसा ठेवायचा, पण आधी नोझल चारही बाजूंना नेऊन ती जागा यंत्राच्या हालचालीला समांतर असल्याची खात्री करायची. मग कॅमेऱ्याला स्वतःच्याच डोळ्यात बघू द्यायचं. लेन्सचं प्रतिबिंब स्क्रीनवरच्या फुलीच्या मधोमध आलं, कॅमेरा सरळ. प्रतिबिंब दुप्पट अंतरावर असल्यामुळे थोडं धूसर दिसतं, पण गोलाचं केंद्र कळायला तेवढं पुरतं. खर्च शून्य.

सरळ बसवला तरी उंचीचा मुद्दा संपत नाही. ७५ मिमी अंतरावरून बघताना १.६ मिमी जाडीच्या बोर्डाचा वरचा पृष्ठभाग टेबलापेक्षा २ टक्क्यांनी मोठा दिसतो. चित्राच्या मध्यापासून १० मिमी बाजूला हा फरक ०.२ मिमीच्या वर जातो. मध्यावर मात्र शून्य. म्हणून खूण कडेला सापडली तर तिच्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही. डोकं तिथे न्यायचं, खूण मध्यावर आणायची, परत बघायचं. ओपनपीएनपी असं दोन-तीनदा करतं तेव्हा बघणाऱ्याला वाटतं यंत्र घुटमळतंय, पण ते शहाणपणाने वागत असतं.

फोकसचंही तसंच. एफ २ छिद्राच्या लेन्सने ०.१२ पट मोठेपणाला, चित्र एका पिक्सेलपेक्षा जास्त धूसर होऊ नये अशी अट घातली तर खोली मिळते साधारण ०.९ मिमी. एवढीच! त्यामुळे खालच्या कॅमेऱ्याचा फोकस नोझलच्या टोकावर लावून चालत नाही. पार्टचा तळ जिथे येणार त्या पातळीवर तो लावायचा, आणि पार्टची उंची सॉफ्टवेअरला खरी खरी सांगायची, म्हणजे प्रत्येक पार्टचा तळ ते त्याच पातळीवर आणतं. खालच्या कॅमेऱ्यावर पेस्टचे थेंब आणि पडलेले पार्ट जमतात, म्हणून वर काच लावावी लागते. २ मिमी काचेने फोकस जवळजवळ पाऊण मिमी सरकतो. तेव्हा आधी काच, मग फोकस, मग नेलपॉलिश. हा क्रम उलटवला की नेलपॉलिश खरवडत बसावं लागतं.

इथपर्यंत सगळं भूमितीचं झालं, आणि भूमिती एकदा बसली की बसली. खरा छळ करतो तो उजेड.

मेसमधलं स्टीलचं ताट आठवा. वरच्या ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा त्यात चकाकतो. ताट थोडं कललं की पट्टा पळतो. आता यंत्राला विचारलं की ताटाची कड कुठे आहे, तर ते त्या चकाकणाऱ्या पट्ट्याचीच कड दाखवणार. बोर्डावरचा टिनचा पॅड, आयसीचा पाय, पार्टचं टोक, ही सगळी छोटी छोटी ताटंच आहेत. आपल्याला ती वस्तू दिसते कारण आपला मेंदू हुशार आहे. यंत्राला वस्तू दिसतच नाही, फक्त कुठला पिक्सेल किती उजळ आहे ते दिसतं. उजेड बदलला की त्याच्यासाठी वस्तूच बदलली.

म्हणून पहिला नियम, खोलीचा उजेड आपला नव्हे. आपल्या प्रयोगशाळेच्या पश्चिमेच्या खिडकीतून दुपारी चारनंतर ऊन थेट मशीनवर येतं. सकाळी शहाण्यासारखं वागणारं यंत्र चारला फिड्युशियल सापडत नाही म्हणून थांबतं. याला कुणी सॉफ्टवेअरचा बग म्हणतं, कुणी पीसी गरम झाला म्हणतं. खिडकीला पडदा लावला की बग गायब. त्यापेक्षा बरा उपाय म्हणजे स्वतःचा उजेड इतका जोरदार आणि जवळून द्यायचा, आणि एक्स्पोजर इतकं कमी करायचं, की फक्त खोलीच्या उजेडात चित्र जवळजवळ काळं दिसावं. यंत्राचे दिवे बंद करा, स्क्रीन काळी झाली पाहिजे. नसेल होत तर तुम्ही अजून ट्यूबलाइटवर अवलंबून आहात. ही चाचणी मी प्रत्येकाला करायला सांगतो.

त्यासाठीच एक्स्पोजर आपोआप बदलू द्यायचं नाही. नाहीतर काय होतं बघा. काळा आयसी समोर आला की कॅमेरा म्हणतो, फार अंधार आहे, वाढवा. त्याबरोबर चकचकीत पाय पांढरेफटक होऊन फुगतात आणि रुंद मोजले जातात. पांढरा सिरॅमिक पार्ट आला की उलट. सर्वांत उजळ भाग २५५ पैकी साधारण २०० ते २२० वर राहील असं एकदा बघायचं आणि तिथेच कुलूप घालायचं. २५५ ला पोचलेला पिक्सेल काहीच सांगत नाही. ग्लास भरून सांडला की त्यात किती पाणी ओतलं ते कळत नाही, तसं.

दुसरा नियम, उजेड पसरलेला हवा. एलईडीची उघडी रिंग विकत आणून लावली की प्रत्येक पॅडवर एलईडीच्या ठिपक्यांची माळ उमटते. सोल्डरच्या गोलसर फुगवट्यावर तर फारच सुंदर दिसते, पण उपयोग शून्य. दिवाळीतला आकाशकंदील बघा, आतला बल्ब दिसत नाही, कागदच उजळतो. तेच करायचं. रिंगसमोर बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपरचे दोन थर लावले तरी खूप फरक पडतो. ड्रॉइंगच्या सबमिशननंतर ट्रेसिंग पेपरचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही.

याहून सरस म्हणजे घुमट. एक वाटी घ्यायची (मेसमधून नव्हे, विकत!), तळाला लेन्सपुरतं भोक पाडायचं, आतून चकाकी नसलेला पांढरा रंग द्यायचा आणि पालथी घालून लेन्सभोवती बसवायची. एलईडी काठाला आतल्या बाजूने लावायचे, पण तोंड वर, घुमटाकडे. बोर्डाला एलईडी दिसतच नाहीत, त्याला दिसतं ते सगळीकडून उजळलेलं पांढरं आकाश. ढगाळ दिवशी सावली पडत नाही तशी इथेही पडत नाही. पॅड वाकडा असो वा सरळ, तो त्या आकाशाचाच कुठला तरी तुकडा परावर्तित करतो आणि एकसारखा पांढरा दिसतो. भोकाच्या जागी मात्र आकाश काळं असतं, त्यामुळे आरशासारख्या सपाट पॅडच्या मध्यावर कधी कधी काळा ठिपका दिसतो. भोक जेवढं लहान तेवढा त्रास कमी. खालच्या कॅमेऱ्यालाही असाच घुमट, फक्त उलटा ठेवलेला. काच असेल तर एलईडीचं प्रतिबिंब काचेतूनच लेन्समध्ये शिरतं, म्हणून तिथे एलईडी काचेच्या वर घ्यायचे.

पोलरायझरबद्दल विचारलं जातं, कारण कुणीतरी कुठेतरी वाचलेलं असतं. मेलेल्या कॅल्क्युलेटरच्या डिस्प्लेवरची फिल्म काढून एक तुकडा दिव्यासमोर, दुसरा ९० अंशांत फिरवून लेन्ससमोर लावला की चकाकी खरंच नाहीशी होते. जादूच वाटते. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. एक तर दिव्याचा उजेड पहिल्या फिल्ममध्ये निम्मा होतो आणि बोर्डावरून परत येणारा दुसऱ्या फिल्ममध्ये पुन्हा निम्मा, म्हणजे चौथाई उरतो. दुसरं म्हणजे धातूवरून परतणारा उजेड आपली पोलरायझेशनची दिशा राखून असतो, त्यामुळे दुसरी फिल्म नेमका तोच अडवते. परिणाम काय, तर पॅड आणि पाय काळे पडतात. आणि आपल्याला शोधायचे आहेत तेच! आयसीवरची अक्षरं वाचायला किंवा टेपच्या चकचकीत प्लास्टिकवर हा उपाय छान आहे, पण आयसीचे पाय मोजायला मी तरी वापरणार नाही.

रंगाचा खेळ मात्र करून बघण्यासारखा आहे. हिरव्या बोर्डावर लाल उजेड टाकला की हिरवा लेप लाल उजेड गिळतो आणि काळपट दिसतो, तांब्याचा किंवा टिनचा ठिपका मात्र लखलखतो. दिव्यावर लाल जिलेटीन कागद धरून कुणीही हे पाहू शकतो. मग सगळे दिवे लालच का नकोत? कारण आपला कॅमेरा रंगीत आहे. त्याच्या दर चार पिक्सेलमध्ये दोन हिरवे, एक निळा आणि एकच लाल. निव्वळ लाल उजेडात तीन-चतुर्थांश पिक्सेल आंधळे होतात आणि आपण मघाशी केलेलं सगळं गणित ढासळतं. कृष्णधवल कॅमेरा असता तर मी डोळे झाकून लाल घेतला असता. रंगीत आहे तोवर पांढराच बरा.

शिवाय खालच्या कॅमेऱ्याला रंग हवाच आहे. तिथे पार्टच्या मागे दिसतो तो नोझल, चकचकीत स्टीलचा. त्यात पार्टची कड हरवते. यावर सोपा उपाय म्हणजे नोझलमागे हिरव्या, चकाकी नसलेल्या कागदाची चकती. हवामानाच्या बातम्यांत निवेदकाच्या मागचा हिरवा पडदा काढून नकाशा लावतात, अगदी तीच युक्ती. सॉफ्टवेअर हिरवं असेल ते सगळं काळं करतं आणि पार्ट तेवढा उरतो. ओपनसीव्हीमध्ये रंगाचा आकडा ० ते १७९ असतो आणि शुद्ध हिरवा ६० वर. त्याच्या अलीकडचा-पलीकडचा पट्टा ठरवायचा. व्हाइट बॅलन्स आपोआप बदलत असेल तर हा आकडा सरकत राहतो, आणि मग हिरवा पडदा निवेदकासकट गायब. चकती सर्वांत मोठ्या पार्टपेक्षा मोठी हवी हे सांगायला नको.

आता दिवे चालवायचे कसे? बहुतेकांची पहिली कल्पना अशी की आर्डुइनोच्या पीडब्ल्यूएमने उजेड कमी-जास्त करू. डोळ्याला छान दिसतं. पण उनोच्या बहुतेक पिनवर पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झचं असतं आणि आपले कॅमेरे चित्र ओळीओळीने टिपतात. एक्स्पोजर ५ मिलिसेकंद असेल तर तेवढ्यात २.४५ ठोके बसतात. म्हणजे काही ओळींच्या वाट्याला दोन झगमगाट, काहींच्या वाट्याला तीन. स्क्रीनवर झेब्र्यासारखे पट्टे! जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचंही तेच, ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. दिव्याला सरळ, शांत डीसी द्या. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी साखळी असते. तिला एलएम ३१७ मधून साडेआठ ते दहा व्होल्टच्या दरम्यान व्होल्टेज दिलं की उजेड हवा तसा बसतो आणि पट्टे येत नाहीत. थर्ड सेमच्या प्रॅक्टिकलमधला हा आयसी बिचारा कुठेतरी कामाला येऊ दे.

बाकी थोडक्यात. डोकं थांबल्याबरोबर चित्र घ्यायचं नाही. फ्रेम थरथरते, शिवाय यूएसबी कॅमेऱ्याकडून आधीच्या जागेचं शिळं चित्र हातात पडू शकतं. तीन चित्रं सोडून द्या, म्हणजे दहावा भाग सेकंद थांबा. २७६० पार्टना मिळून पाच मिनिटंसुद्धा होत नाहीत. आणि नोझल फिरवताना त्याचं टोक थोडं घिरट्या घालतंच, ते खालच्या कॅमेऱ्यासमोर पूर्ण फिरवून मोजा. ओपनपीएनपी ती चूक लक्षात ठेवून प्रत्येक वेळी वजा करतं.

खरेदीच्या टिपणाबद्दल माझी मागणी अशी. दोन साधे कॅमेरे, ८ मिमी आणि ६ मिमीच्या प्रत्येकी दोन लेन्स, एलईडीच्या पट्ट्या, दोन एलएम ३१७, पांढरा मॅट रंग आणि ॲल्युमिनियमच्या जाड अँगलचे दोन ब्रॅकेट. कॅमेरे ऑनलाइन मागवावे लागतील, बाकीचं पासोड्या विठोबाजवळच्या किंवा लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत एका फेरीत मिळेल. इंडस्ट्रियल कॅमेरेवाल्या गटाला माझं उघड आव्हान आहे. एकच ०६०३ पार्ट नोझलवर धरून ठेवा आणि त्याची जागा तीस वेळा मोजा. दहा वेळा खोलीचे दिवे चालू, दहा वेळा बंद, दहा वेळा दुपारी चारला पडदा उघडा ठेवून. तुमच्या कॅमेऱ्याने उघड्या रिंगखाली मोजा, आम्ही साध्या कॅमेऱ्याने घुमटाखाली मोजतो. आकडे एका पिक्सेलच्या आत कुणाचे राहतात ते प्रयोगशाळेच्या फळ्यावर लिहू.

एक प्रश्न मात्र माझ्याकडेही सुटलेला नाही. काळ्या टेपच्या खळग्यात बसलेला काळा डायोड वरच्या कॅमेऱ्याला घुमटाखाली दिसतच नाही, कारण घुमट सावल्या पुसून टाकतो आणि इथे कड दाखवायला सावलीच हवी. एका बाजूने, अगदी सपाट कोनातून एक वेगळा दिवा टाकून बघायचा विचार आहे, फक्त त्या एका टेपपुरता, त्याला स्वतंत्र स्विच देऊन. कुणाकडे याहून बरी कल्पना असेल तर रात्री जेवणानंतर लॅबमध्ये या. खिडकीचा पडदा तेवढा बंद राहू द्या.